मराठवाड्यातलं आवडतं शहर कोणतं, नावडतं कोणतं? माझी यादी देतोय, तुटून पडा

बॅगवाला

बियाण्याच्या कंपनीत फिरतीवर आहे. आठही जिल्हे माझ्याकडे. मार्चपासून जूनपर्यंत कृषी सेवा केंद्रं, डीलरची उधारी, शेतकरी मेळावे आणि रात्री कुठल्या तरी लॉजवर मुक्काम. म्हणजे मी शहरं बघायला जात नाही, तिथं माझा मुक्काम पडतो. लेणी, किल्ले, म्युझियम यांच्याशी माझी गाठ पडत नाही, कारण मी मोकळा होतो तेव्हा ती बंद झालेली असतात. म्हणून माझी कसोटी साधी आहे. काम उरकल्यावर संध्याकाळी सहा ते रात्री दहा या वेळात ते गाव परक्या माणसाला कुठं बसू देतं, काय खायला घालतं आणि किती पिडतं.

पहिला नंबर नांदेड. गुरू गोविंदसिंगजींनी १७०८ मध्ये इथं देह ठेवला, महाराजा रणजितसिंगांनी १८३२ ते १८३७ या काळात सचखंड गुरुद्वाऱ्याची वास्तू बांधून घेतली, हे शाळेच्या सहलीत सगळ्यांनीच ऐकलेलं असतं. मी जातो लंगरला. डोक्यावर रुमाल बांधायचा, ताट उचलायचं, रांगेत मांडी घालून बसायचं. रोटी ताटात टाकत नाहीत, दोन्ही हात पुढं करून घ्यावी लागते. मी एकच हात पुढं केला तर वाढणारे म्हातारे सरदारजी काही न बोलता तसेच थांबले. शेजारच्या पोरानं कोपरानं ढोसलं तेव्हा माझा दुसरा हात वर आला. डावीकडं अमृतसरहून आलेलं कुटुंब, उजवीकडं मुखेडकडचा गवंडी. कोणी नाव विचारत नाही, गाव विचारत नाही, पैसे तर नाहीच नाही. टार्गेट चुकलेल्या दिवशी असं जेवण मिळणं म्हणजे काय, ते फिरतीवरच्या माणसालाच कळेल.

दुसरा नंबर अंबाजोगाई. शहर म्हणायचं का गाव, हा वाद घालणाऱ्यांनी तिथल्या लोकांची जिल्ह्याची मागणी किती जुनी आहे ते आधी बघावं. योगेश्वरीची आरती झाली की बाहेरच्या टपरीवर निवृत्त मास्तरांचा अड्डा बसतो. मी नुसतं विचारलं, इथं बघण्यासारखं काय? दोघांची तिथंच जुंपली. आद्यकवी मुकुंदराज आपले की विदर्भातल्या आंभोऱ्याचे, इथून सुरू झालं ते दासोपंतांच्या कापडावर लिहिलेल्या पासोडीपर्यंत गेलं. तासभर फुकट व्याख्यान, वर चहाचे पैसेही त्यांनीच दिले. सोयाबीनचं वाण विकायला आलेल्या माणसाशी मुकुंदराजांवर भांडणारं दुसरं गाव मला दाखवा.

तिसरा धाराशिव, निव्वळ गुलाबजामसाठी. बाकी काही विचारू नका.

आता नावडती. सगळ्यात वर छत्रपती संभाजीनगर. विभागाची राजधानी, विमानतळ, एमआयडीसी, सगळं आहे. आणि सातव्या मजल्यावरच्या खोलीत बादलीभर पाणी ठेवून काउंटरवरचा पोरगा सांगतो, "सर, आज टँकर नाही आला, ॲडजस्ट करा." धरण उशाला, कोरड घशाला. रस्त्यावर उतरावं तर जालना रोडवर पलीकडं जायला माणसाचा जीव जातो. तिथं संध्याकाळ अशी होतच नाही, ऑफिस सुटतं आणि एकदम रात्र होते.

दुसरं लातूर. सगळं शहर अभ्यासाला बसलेलं. जिकडं बघावं तिकडं टॉपरांचे फोटो. टपरीवर चहा घ्यावा तर शेजारी पोरं नीटचा कटऑफ मोजतायत आणि त्यांचे बाप फीचे हप्ते. पस्तिशी ओलांडलेल्या माणसाला त्या गावात कामाशिवाय जागाच नाही.

तिसरं परभणी. "बनी तो बनी, नहीं तो परभणी" ही म्हण काढणारा मे महिन्यात स्टेशन रोडवर रिक्षा शोधत असणार.

जालन्यावर बोलत नाही, माझे साहेब तिथं बसतात. बीड आणि हिंगोली मध्यम.

---

गुलमंडीकर

बॅगवाले, तुमचा लॉज जालना रोडवर होता ना? मग संपलं. जालना रोडवर आम्हीसुद्धा नाइलाजानंच जातो. कंपनीनं स्वस्तातली खोली दिली, तुम्ही खिडकीतून ट्रॅफिक बघितलं आणि चारशे वर्षांच्या गावाला नापास करून मोकळे झालात.

आता संध्याकाळ कशी घालवायची ते ऐका. पाचला सुटलात तर थेट पाणचक्की. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेलं पाणी भिंतीत वर चढवलंय, तिथून ते धबाधबा हौदात पडतं आणि त्या जोरावर खाली जातं फिरायचं. त्यावर पीठ दळायचे ते कोणासाठी? बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यावर येणाऱ्या फकिरांसाठी आणि वाटसरूंसाठी. म्हणजे परक्या माणसाच्या भाकरीची सोय या गावानं वीज यायच्या कितीतरी आधी करून ठेवली होती. तुम्ही लंगरचं कौतुक केलंत ते बरोबरच आहे, पण पाणचक्कीच्या दारावरून रिक्षानं गेलात आणि आत डोकावला नाहीत.

तिथून गोगाबाबाच्या टेकडीवर जा. कॉलेजची पोरं धापा टाकत चढत असतात, त्यांच्यामागं चढायचं. वरून मकबऱ्याचा घुमट आणि मागचे डोंगर दिसतात. उतरलात की शहागंज, रोशन गेटकडं नान खलिया. मटणाचा झणझणीत रस्सा, तंदूरमधून काढलेला पिवळसर नान, तो मोडून रश्श्यात बुडवायचा. तुघलकानं १३२७ मध्ये राजधानी देवगिरीला हलवली तेव्हा लष्करासाठी हे शिजायला लागलं, असं इथले खानसामे सांगतात. मटण खात नसाल तर गुलमंडीवर या, उपाशी जाणार नाही.

आणि एक बोलूनच टाकतो. तुमच्या नांदेडचं, परभणीचं, बीडचं पोरगं डिग्री घेऊन नोकरीला येतं कुठं? वाळूजला, चिकलठाण्याला. मराठवाड्यात उच्च शिक्षणाची मारामार होती तेव्हा १९५० मध्ये बाबासाहेबांनी मिलिंद महाविद्यालय काढलं ते याच गावात. अर्धा मराठवाडा आमच्याकडं मेसचं जेवून मोठा झाला आणि आता आम्हाला "परक्याला जागा नाही" म्हणून ऐकवताय.

---

सिडको_एन_सात

जन्म इथला, नोकरी इथली, आणि मी बॅगवाल्यांच्या बाजूनं आहे.

गुलमंडीकर, पाणचक्की, टेकडी, खलिया, सगळं मान्य. पाण्यावर एक अक्षर बोलला नाहीत. आमच्या सोसायटीत नळाला पाणी येतं तो दिवस सणासारखा असतो. कोण कुठल्या लग्नाला जाणार हेसुद्धा पाण्याच्या पाळीवर ठरतं. जायकवाडीची पायाभरणी लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये केली, १९७६ मध्ये इंदिराबाईंच्या हस्ते धरणाचं उद्घाटन झालं. धरण पैठणला, म्हणजे उठून दुपारपर्यंत जाऊन येण्याइतक्या अंतरावर. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला मलिक अंबरनं पंप नसताना, वीज नसताना नुसत्या उतारावर डोंगरातलं पाणी घराघरात खेळवलं. त्या नहर-ए-अंबरीचे बंब, म्हणजे पाण्याचे मनोरे, अजून उभे आहेत. त्या नहरीचं पाणी दाखवून तुम्ही पाहुण्याला खूश करताय आणि घरी टँकरवाल्याला फोन लावताय.

हॉटेलवाल्या पोराचा यात काय दोष?

---

गुलमंडीकर

पाण्याचं मी नाकारत नाही. पण बॅगवाल्यांनी पाण्यासाठी गुण कापले तर लातूरचे किती कापायचे? तिथं तर रेल्वेनं पाणी आणावं लागलं. परीक्षा घ्यायची तर सगळ्यांना एकच पेपर द्या.

---

उरूसवाला_परभणी

काहून हो बॅगवाले, मार्च ते जून फिरता असं तुम्हीच पहिल्या ओळीत लिहिलंय. मंग सरळ सांगा ना की ही यादी शहरांची नाही, उन्हाची हाय. अंबाजोगाई बालाघाटावर, उंचावर. तिथं संध्याकाळी वारं सुटतं म्हणून मास्तरलोक बाहेर येऊन भांडायलेत. आमचे मास्तर मे महिन्यात कूलरसमोर बसून भांडतात, ते तुम्हाला दिसणार कसे?

फेब्रुवारीत या. सय्यद शाह तुराबुल हक यांचा उरूस असतो. हिंदू-मुसलमान, खेड्यापाड्यातली माणसं बैलगाडी होती तवापासून येतात, आता टेम्पो भरून येतात. रात्री दहाला तुम्ही झोपायचं म्हणता, तिथं दहाला गर्दी सुरू होती. परक्या माणसाला बसायला जागा पाहिजे म्हणे! तिथं सगळेच परके असतात.

आणि तुमच्या धंद्याचंच बोलतो. १९७२ मध्ये इथं कृषी विद्यापीठ झालं. भेंडीची परभणी क्रांती ही जात इथलीच. पानं पिवळी पाडणाऱ्या रोगाला दाद देत नाही म्हणून पार परराज्यात लावतात. ज्वारीची परभणी मोती बी इथलीच. तुमच्या बॅगेत भेंडीचं पाकीट असंल तर त्याच्यावर कोणाचं नाव छापलंय तेवढं बघा. आमच्या नावावर कमिशन खायचं आणि यादीत आम्हालाच खाली घालायचं, लई भारी.

जगात जर्मनी, भारतात परभणी. हे बी लिहून घ्या.

---

बॅगवाला

परभणीकर, भेंडीचा वार वर्मी बसला. पण उन्हाचं गणित जुळत नाही. नांदेडला काय बर्फ पडतो? मे महिन्यात गोदावरीच्या घाटाचा दगड रात्री आठलासुद्धा चटका देतो, तरी माझ्या यादीत ते पहिलं आहे. आणि उरूस वर्षातून एकदाच येतो. उरलेले अकरा महिने माणसानं संध्याकाळी काय करायचं, याला तुमच्याकडं उत्तर नाही.

गुलमंडीकर, पाणचक्कीला जाईन, शब्द दिला. पण कंपनी लॉज बदलून देणार नाही. तुमचं गाव चांगलं की वाईट हे जर लॉज कुठल्या रस्त्यावर आहे यावर ठरत असेल तर तेही गावाबद्दल काहीतरी सांगतंच. नांदेडला मी कुठंही उतरलो तरी चालत नाहीतर दहा-वीस रुपयांच्या शेअर रिक्षानं गुरुद्वाऱ्यात पोचतो.

---

उरूसवाला_परभणी

अकरा महिने? विद्यापीठाच्या आवारात फिरायला जा, झाडंच झाडं हायत. पण तुम्ही विद्यापीठात जाता ते बी फक्त खरेदीच्या बिलासाठी.

---

मुक्कामी_बाई

प्रशिक्षणं घ्यायला मीही याच आठ जिल्ह्यांत फिरते, बहुतेक वेळा एकटी. बॅगवाले दादा, तुमची "सहा ते दहा"ची कसोटी वाचून हसू आलं. त्या वेळात टपरीवर निवांत बसता येणं ही मुळातच पुरुषाची सोय. अंबाजोगाईच्या त्या अड्ड्यात एक तरी बाई होती का? मी तिथं उभी राहिले असते तर मुकुंदराज बाजूला राहिले असते आणि "मॅडम कोणाकडं आल्यात" हा विषय सुरू झाला असता.

मी तीन गोष्टी बघते. लॉजच्या काउंटरवर "एकट्याच आहात का" हे किती वेळा विचारतात. खोलीची कडी आतून नीट लागते का. आणि साडेनऊला जेवून परत येताना रस्त्यावर दुसरी बाई दिसते का. पहिल्या दोन गोष्टी लॉजवर अवलंबून, तिसरी मात्र पूर्ण गावावर.

या तिसऱ्या कसोटीवर माझ्या यादीत लातूर पहिलं येतं, आणि बाकीची बरीच मागं राहतात. ज्या ट्यूशन एरियाला तुम्ही वैतागलात, तिथं रात्री साडेनऊला सोळा-सतरा वर्षांच्या मुली पाठीला सॅक लावून घोळक्यानं चाललेल्या असतात. झेरॉक्सवाला उघडा, मेस उघडी, वह्यांचं दुकान उघडं. शिवाय मुलांसाठी खोली करून राहिलेल्या आया. औशाकडच्या, अहमदपूरच्या, पार परभणीच्यासुद्धा. शेत नवऱ्यावर टाकून दोन वर्षांसाठी आलेल्या बायका. रात्री त्या मेडिकलमध्ये, दुधाच्या दुकानात, भाजीच्या गाड्यावर दिसतात. एकीनं मला तिच्या खोलीवर नेऊन धपाटे खाऊ घातले. ओळख काय, तर दोघी एकाच गाड्यावर मेथी निवडत होतो. मुलगा आत पाढ्यांसारखी सूत्रं म्हणत होता आणि आम्ही बाहेर गॅलरीत कुजबुजत बोलत होतो, त्याला त्रास नको म्हणून.

लातूर पॅटर्ननं मुलांचं काय केलं, यावर वेगळं भांडता येईल, मीही भांडेन. पण त्या पॅटर्नमुळे रात्रीचा रस्ता बायकांना मोकळा झालाय, ही गोष्ट मी या आठ जिल्ह्यांत इतक्या प्रमाणात दुसरीकडं बघितलेली नाही.

नांदेडबद्दल मात्र सहमत. गुरुद्वाऱ्याच्या परिसरात रात्री फिरताना मला कधी मागं वळून बघावं लागलं नाही.

नावडतं सांगत नाही. एका तालुक्याच्या बसस्थानकावर शौचालयाला कुलूप आणि किल्ली कोणाकडं हे कोणालाच ठाऊक नाही, असा प्रकार घडला. त्याचा राग पूर्ण तालुक्यावर काढणं बरोबर नाही. पण निघतोच.

---

गोलाईकर

ताई, धन्यवाद. लातूरची बाजू लातूरच्या माणसापेक्षा तुम्ही नीट मांडली.

बॅगवाल्यांना विचारायचंय, गंजगोलाईत कधी पायी फिरलात का? डीलरकडं गाडी लावून आत-बाहेर केलं असणार. १९१७ ची गोल इमारत, मधोमध जगदंबेचं देऊळ, आणि सोळा रस्ते तिथं येऊन मिळतात. एका रस्त्याला सोनं, एका रस्त्याला चपला, एकाला मिरची, एकाला गूळ. नाकानं रस्ता ओळखता येतो. मिरचीच्या गल्लीत शिंकला की समजायचं वळण चुकलं. पस्तिशी ओलांडलेल्यांना जागा नाही म्हणता, तिथं पासष्टीचे आडते गादीवर बसून तुरीच्या भावावर संध्याकाळभर बोलतात. तुम्ही बियाणंवाले, तुम्हाला तर तो विषय फुकट मिळायला पाहिजे.

गुलमंडीकर पाण्याच्या रेल्वेवर घसरले. व्हय, एप्रिल २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. पाण्यावरून भांडणं होऊ नयेत म्हणून टाक्यांभोवती जमावबंदी लावली होती. मांजरा कोरडी पडली होती, ते आम्ही लपवत नाही. पण फरक बघा. आमच्याकडं धरणात पाणी नव्हतं म्हणून नळाला नव्हतं. तुमच्याकडं जायकवाडीचा नाथसागर भरलेला असतो तेव्हाही नळाला नसतं. एकच पेपर द्या म्हणता, द्या. आमचं उत्तर कमी असंल, तुमचं तर कोरं हाय.

---

सिडको_एन_सात

गोलाईकरांना माझ्यातर्फे पूर्ण मार्क.

---

देगलूर_नाका

सगळे नांदेडला पहिलं म्हणायलेत आणि नांदेडचा माणूस म्हणून मला बरं वाटायला पाहिजे. वाटत नाही.

तुम्ही सगळे गुरुद्वाऱ्याला मार्क देताय, नांदेडला नाही. गुरुद्वारा वगळून सांगा. वजिराबादमध्ये संध्याकाळी चारचाकी घालून दाखवा. इतवाऱ्यात पावसाळ्यात चालून दाखवा. २००८ मध्ये गुरू-ता-गद्दीचा त्रिशताब्दी सोहळा झाला तेव्हा केंद्राचा पैसा आला, रस्ते झाले, पूल झाले, शहर चकाचक झालं. त्या जोरावर अजून किती वर्षं मिरवायचं? अमृतसरचा माणूस सचखंड एक्स्प्रेसमधून उतरतो, रिक्षात बसतो, माथा टेकतो, परत गाडीत बसतो. त्याला नांदेड दिसतच नाही. बॅगवाल्यांचंही तेच. जिथं रोटी मिळते तेवढंच नांदेड.

नरहर कुरुंदकर याच गावात प्राचार्य होते. त्यांच्या व्याख्यानांना लोक कुठून कुठून यायचे, असं आमचे वडील सांगतात. संध्याकाळी माणसानं कुठं बसावं, याचं ते उत्तर होतं. आज ती संध्याकाळ कुठं गेली, हा प्रश्न नांदेडला विचारायला पाहिजे. त्याबद्दल मार्क कापा.

---

बॅगवाला

गुरुद्वारा वगळून नांदेड का सांगू? मग गोलाई वगळून लातूर सांगा, डोंगर वगळून अंबाजोगाई सांगा. गावात जे आहे तेच मला भेटणार. माझ्या वाट्याला गावाचे चार तास येतात. त्या चार तासांत गावानं काय पुढं केलं, तेवढ्यावरच मी बोलणार. तुम्हाला तिथं आयुष्य काढायचंय, तुमचा हिशोब वेगळाच असणार, असायलाच हवा.

ताईंनी मात्र विचारात पाडलं. मी ज्याला "सगळं शहर अभ्यासाला बसलंय" म्हणून वैतागलो, त्याच गर्दीत त्यांना बिनघोर चालता येतं. लातूरला नावडत्यांतून काढतो. आवडत्यात घालत नाही, कारण मला धपाटे कोणी दिले नाहीत.

आणि कुरुंदकरांचं नाव काढलंत म्हणून सांगतो, नांदेडचे मार्क तरीही कापणार नाही. व्याख्यानं सगळ्याच गावांतली गेली. लंगर राहिला.

---

जुनी_वीट

आठ जिल्ह्यांची चर्चा आणि तेरचं नाव कोणी घेऊ नये? सातवाहनांच्या काळात तगर नावानं रोमपर्यंत व्यापार करणारं गाव. गोरा कुंभारांचं तेर. लामतुरे संग्रहालयातल्या मातीच्या बाहुल्या एकदा बघा आणि मग शहर कशाला म्हणतात ते बोला. नळदुर्गही कोणाला आठवला नाही. पावसाळ्यात बोरी नदी भरली की पाणीमहालावरून नर-मादी धबधबे कोसळतात आणि आत महालात माणूस कोरडा उभा राहतो. पैठण, उदगीर, परांडा... यादी करायची तर अशी करा. नुसत्या लॉज आणि टपऱ्या मोजल्यात.

---

बॅगवाला

तेरला मुक्काम करून दाखवा, मग बोलू. रात्री नऊनंतर जेवण मिळालं तर पुढचा नंबर तुमच्या तेरचा.

---

जुनी_वीट

रोमन व्यापारी राहत होते, तुम्हाला काय होतंय?

---

बप्पा_बीडकर

मध्यम? बप्पा, मध्यम म्हणजे काय? एक तर चांगलं म्हणा नाहीतर शिव्या द्या, हे मधलं लई लागतं माणसाला.

बीडबद्दल टीव्हीवर काय दाखवतात ते सगळे बघतात, त्यावर इथं बोलत नाही. खजाना विहीर सांगतो. सोळाव्या शतकातली. दुष्काळात आजूबाजूचं सगळं आटलं तरी तिचा तळ दिसला नाही असं आमच्याकडं सांगतात. तिथून निघालेल्या पाटांवर अजून रानं भिजतात. सीताफळाला २०१६ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, ऑक्टोबरात धारूरकडं या, पाटी भरून देतो. आणि रेल्वे! आजोबांच्या तोंडून ऐकली, बापाच्या तोंडून ऐकली, शेवटी १७ सप्टेंबर २०२५ ला अहिल्यानगरची गाडी बीडच्या स्टेशनातून सुटली. मुक्तिसंग्राम दिनाला. पहिल्या दिवशी तिकीट काढून बसलेली म्हातारी माणसं होती, त्यांना कुठंच जायचं नव्हतं.

आता एसटीचं कारण सांगू नका. या आणि ठरवा.

---

मुक्कामी_बाई

बप्पा, सीताफळासाठी येते. गाडीची वेळ तेवढी सोयीची ठेवायला सांगा.

---

हळदवाला_हिंगोली

दोन दिवस वाट बघितली. म्हटलं कोणीतरी हिंगोलीवर एक ओळ लिहील. बीडला मध्यम म्हटलं तर बप्पा धावून आले, आमच्यासाठी कोणी आलं नाही, म्हणून मीच आलो.

१९९९ ला परभणीतून वेगळे झालो. औंढ्याचा नागनाथ आमच्याकडं, नामदेवांची नर्सी आमच्याकडं. दसऱ्याला रामलीला मैदानावर जी गर्दी होते ती बघायला परभणीचे लोक पण येतात, उरूसवाल्यांना विचारा. हळदीच्या हंगामात मोंढ्यातून बाहेर पडलेल्या माणसाचा सदरा बघून तो कुठून आला ते सांगता येतं.

बॅगवाले, एकच विचारतो. हिंगोलीत संध्याकाळी कुठं बसलात, काय खाल्लं, कोणी पिडलं?

---

बॅगवाला

खरं सांगायचं तर हिंगोलीत मुक्काम पडतच नाही. सकाळी येतो, मोंढ्यातले डीलर करतो, वसमत उरकतो आणि रात्री नांदेड गाठतो. जवळ पडतं.

---

हळदवाला_हिंगोली

मग मध्यम कशावरून ठरवलं?

---

उरूसवाला_परभणी

😂 आता सांगा. हिंगोलीला न बसता मार्क, आम्हाला मे महिन्यात मार्क. पेपर फेरतपासणीला टाका.

---

हळदवाला_हिंगोली

उरूसवाले, तुम्ही हसू नका. परभणी नावडत्यात तरी हाय.